फ्रीजची वायर उंदीर पुन्हा पुन्हा कुरतडतो: दुरुस्ती का टिकत नाही आणि टिकवायची कशी

मेकॅनिक येतो, फ्रीज पुढे ओढतो, कंप्रेसरजवळची तुटकी वायर जोडतो, वरून काळी टेप गुंडाळतो, पैसे घेतो आणि जातो. काही दिवस बरे जातात. मग एका सकाळी दूध नासलेलं असतं, फ्रीजरमधल्या बर्फाचं पाणी दाराखालून बाहेर आलेलं असतं, आणि फ्रीज ओढून बघावं तर तीच वायर, नाहीतर जोडापासून बोटभर अलीकडे नवा घाव. तळमजल्यावरची घरं, चाळी, शेताला लागून असलेले बंगले, खाली हॉटेल किंवा किराणा दुकान असलेल्या इमारती इथं हे दुखणं कायमचं. शेतात पाणी भरलं की उंदीर घरात शिरतात, आणि भातकापणी झाली की शेतातलं खाणं संपतं म्हणून पुन्हा शिरतात. त्यामुळे जुलै-ऑगस्ट आणि दिवाळीचे आगेमागे दिवस असे दोन मोसम आम्हा दुरुस्तीवाल्यांना पाठ झालेत.

वायर जोडणं हे या सगळ्यातलं सर्वांत सोपं काम आहे आणि ते सर्वांत आधी उरकलं जातं, म्हणूनच ते टिकत नाही. उंदीर फ्रीजखाली कशासाठी येतो आणि कुठून येतो याचा बंदोबस्त त्याच आठवड्यात झाला नाही, तर जोड कितीही चांगला मारा, पुढच्या मोसमात मेकॅनिकला पुन्हा फोन जाणार.

हात लावण्याआधी

प्लग काढा. नुसता स्विच बंद करून मागे हात घालू नका. भिंतीवरचा साधा स्विच फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. शिवाय जुन्या घरांत फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असणं काही दुर्मीळ नाही, तिथं स्विच बंद असूनही वायरीत करंट असतो.

फ्रीजच्या हँडलला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, ओल्या पायांनी झटका बसत असेल, तर प्लगपर्यंतही जाऊ नका. आधी मेन बोर्डावरचा एमसीबी पाडा, मग प्लग काढा. ‘आमचा फ्रीज थोडा करंट मारतो, पण चालतो’ असं सांगणारी घरं मी बघितली आहेत. तिथं दोन दोष एकत्र असतात: कुरतडलेली वायर फ्रीजच्या पत्र्याला टेकलेली असते आणि घरात अर्थिंग नसतं, किंवा थ्री-पिनचं अर्थिंग मध्येच कुठेतरी तुटलेलं असतं. अर्थिंग नीट असतं तर फ्यूज उडाला असता, आरसीसीबी (करंट गळायला लागला की आपोआप पडणारा बोर्डावरचा स्विच) असती तर बहुधा ती पडली असती. झटका बसतोय याचा अर्थ बहुधा या दोन्ही राखणदारांपैकी कुणीच जागेवर नाही. असा फ्रीज एक तासही चालू ठेवू नये.

टेस्टर लावून बघणाऱ्यांसाठी: अर्थिंग नसलेल्या फ्रीजच्या पत्र्यावर टेस्टर कधीकधी तसाही मिणमिणतो. त्यामुळे दिवा लागला म्हणजे वायर उघडी पडली असंच नाही. पण अर्थिंग नाही हे तरी नक्की, आणि इलेक्ट्रिशियनला बोलवायला तेवढं कारण पुरेसं आहे.

फ्रीज इन्व्हर्टर कंप्रेसरवाला असेल (घरच्या बॅटरीवाल्या इन्व्हर्टरशी याचा संबंध नाही) तर प्लग काढल्यावरही दहा-पंधरा मिनिटं थांबा. पाठीमागच्या सर्किट बोर्डावर मोठा कपॅसिटर असतो. चालू असताना त्यावर ३०० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि तो उतरायला वेळ लागतो. त्या बोर्डाचं झाकण घरच्या माणसानं उघडूच नये.

काय कुरतडलंय?

आतला दिवाही लागत नाही, काहीच आवाज नाही, तर मेन कॉर्ड बघा. त्याआधी त्या सॉकेटवर दुसरं काहीतरी लावून करंट येतोय ना, ते तपासा. फ्रीजमागे जमिनीवर एक्स्टेन्शन बोर्ड टाकलेला असेल तर उंदराचा पहिला दात बहुतेक त्याच्याच वायरीवर पडतो.

दिवा लागतो पण कंप्रेसर गप्प आहे, तर घाव कंप्रेसरजवळ. कंप्रेसरच्या बाजूला एक छोटं काळं झाकण असतं, त्याखाली कंप्रेसर सुरू करणारा रिले आणि तो तापला की करंट तोडणारा ओव्हरलोड. तिथं येणाऱ्या दोन-तीन वायरी मोकळ्या, उबदार आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर, म्हणजे उंदराच्या अगदी तोंडाशी. टक्‌ असा आवाज येऊन कंप्रेसर सुरू न होता बंद पडत असेल तर तो नुसता उंदराचा उद्योग असेलच असं नाही. व्होल्टेज कमी असतानाही असंच होतं. संध्याकाळी गावातलं व्होल्टेज उतरतं तेव्हाच हा आवाज येतो का, ते बघा.

आता एक फसवं लक्षण. आरसीसीबी पडते, पुन्हा चढवली की फ्रीज नीट चालतो, आणि सात-आठ तासांनी, बहुधा मध्यरात्री, पुन्हा पडते. लोक यात मेन बोर्ड बदलतात, आरसीसीबी बदलतात. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये बर्फ वितळवणारा हीटर ठरावीक तासांनीच चालू होतो. त्या हीटरकडे जाणारी वायर पाठीमागून किंवा खालून जिथं उघडी जाते तिथं सोलली गेली असेल, तर एरवी काहीच कळत नाही. हीटर सुरू झाला की लगेच गळती. आरसीसीबी ३० मिलिअँपिअरवर पडायला बनवलेली असते, ती तिचं काम चोख करत असते.

याचं भावंड म्हणावं असं दुसरं लक्षण: फ्रीजचा स्विच बंद असूनही आरसीसीबी पडते. न्यूट्रलची वायर सोलून पत्र्याला टेकली की असं होतं, कारण वर म्हटल्याप्रमाणे स्विच न्यूट्रल तोडत नाही. प्लग काढल्यावर पडायचं थांबलं, तर दोष फ्रीजमध्येच.

घरी मल्टिमीटर असेल तर प्लग काढून त्याच्याच पिनांवर मोजा: मोठ्या अर्थ पिनेपासून एका छोट्या पिनेपर्यंत, मग दुसऱ्या पिनेपर्यंत. थर्मोस्टॅट चालू ठेवा. मीटर काहीच दाखवत नसेल तर ठीक. किलोओहममधला आकडा आला तर कुठेतरी वायर पत्र्याला लागते आहे. मीटरच्या छोट्या बॅटरीला मात्र सगळ्या गळत्या सापडत नाहीत, शिवाय बंद असलेल्या हीटरच्या सर्किटपर्यंत मोजमाप पोचतही नाही. मेकॅनिककडचा ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे जास्त व्होल्ट लावून गळती शोधणारं मीटर, त्यासाठी हवा. इन्व्हर्टर फ्रीजवर मेगर लावायचा तर आधी बोर्ड वेगळा करावा लागतो. हे माहीत नसलेला मेकॅनिक वायर दुरुस्त करायला येऊन बोर्ड जाळून जातो.

खाली पाणी साचतंय तर पाणी निघायचा रबरी पाइप किंवा ट्रे बघा. दार नीट बसत नाही, कडेनं बर्फ धरतो, कंप्रेसर थांबतच नाही, असं असेल तर दाराचं गॅस्केट, म्हणजे कडेचं रबर. दारात कागद धरून दार लावा आणि कागद ओढा. जिथून तो सहज सुटतो तिथं रबर गेलंय. गॅस्केट फ्रीजच्या मॉडेलप्रमाणे मिळतं. चिकटपट्टीचे प्रयोग करू नका.

आहे कोण?

घरात वावरणारे तिघे वेगळे आहेत, आणि पिंजऱ्याचा आकारही त्यावर ठरतो. लेंड्या बघा. तांदळाच्या दाण्याहून लहान, टोकदार असतील तर छोटा घरातला उंदीर. सेंटिमीटरहून लांब, जाड असतील तर मोठा उंदीर, छतावरून आणि पाइपांवरून येणारा. घूस सहसा फ्रीजखाली राहत नाही. ती बाहेरून जमीन उकरते, आणि तिची बिळं ओट्याच्या किंवा मोरीच्या पायाशी सापडतात.

चौथी चिचुंद्री. लांब तोंड, उग्र वास, भिंतीच्या कडेनं चिकचिक करत जाते. ती उंदीर नाहीच, किडे-झुरळं खाणारा वेगळाच प्राणी आहे, आणि वायरी कुरतडण्याचा आळ तिच्यावर उगाच येतो. पण ती आत येऊ शकते म्हणजे उंदीर येईल एवढी फट उघडी आहे, हे तिनं दाखवून दिलं असं समजा.

रात्री झोपताना फ्रीजच्या दोन्ही बाजूंना, सिंकखाली आणि दाराच्या उंबऱ्याशी रांगोळीची पूड पातळ भुरभुरवा. सकाळी पावलं आणि मधून शेपटीची रेघ दिसते, शिवाय कुठून कुठे तेही कळतं. पीठ वापरू नका, ते खायलाच येतील. हा उपाय साधा आहे, पण यानं जेवढी माहिती मिळते तेवढी फ्रीजमागे टॉर्च मारून मिळत नाही.

फ्रीजच का?

कंप्रेसर गरम राहतो. त्याच्या वर किंवा मागे ट्रेमध्ये पाणी असतं. मागे अंधार, कुणी झाडत नाही, आणि वरून दार उघडताना पडलेला भात, चपातीचा तुकडा, कोथिंबिरीची काडी खाली सरकत राहते. ऊब, पाणी, खाणं, आडोसा, सगळं एका हाताच्या अंतरात. यात फ्रीजचं प्लॅस्टिकचं स्टँड भर घालतं. बरीच स्टँडं खालून पोकळ असतात आणि उंदरीण तिथं घरटं करते. त्यात काय सापडत नाही: देवघरातल्या कापसाच्या वाती, दुधाच्या पिशव्यांचे तुकडे, पायपुसण्याचे धागे, थर्माकोल. तेलात भिजलेली वात उंदराला फार आवडते. तेवत्या समईतली वात त्यानं ओढून नेली तर आग लागायची भीती खरीच आहे. झोपताना समई शांत करा, नाहीतर काचेच्या झाकणात ठेवा.

उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून तो काहीतरी कुरतडणारच. वायरीचं पीव्हीसी त्याला चावायला सोयीचं आणि वाटेतच. एकदा तिथं मुतला की पुढच्याला तोच वास वाट दाखवतो. एका उंदराला मारून आठवड्यात दुसरा त्याच जागी दिसतो तो यामुळेच. छोट्या उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत पिलं देते, हेही लक्षात असू द्या. ‘एकच आहे’ असं म्हणून महिना काढला की तो एकटा उरत नाही.

आता दुरुस्ती, याच क्रमानं

आधी साफसफाई, आणि ती ओली. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. मुंबईत पालिका दर पावसाळ्यात त्याच्या सूचना काढते. वाळलेल्या लेंड्या झाडूनं उडवू नका. रबरी हातमोजे, तोंडाला मास्क, खिडकी उघडी. एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण लेंड्यांवर आणि जमिनीवर शिंपडा, दहा मिनिटं थांबा, कागदानं उचला, मग फडक्यानं पुसा. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. वायरीच्या टर्मिनलवर हे पाणी जाऊ देऊ नका. तिथं कोरडा ब्रश पुरे. मुताच्या क्षारानं टर्मिनलवर हिरवट-पांढरी पूड धरली असेल तर ते टर्मिनल बदलायला सांगा. तसंच ठेवलं तर ते गरम होऊन जळतं.

ट्रे काढून धुवा. हे एरवीही करायला हवं. डेंग्यूच्या दिवसांत पालिकेचे कर्मचारी घरात येऊन फ्रीजमागचा ट्रे बघतात ते उगाच नाही, त्या स्वच्छ पाण्यात डास अंडी घालतो. ट्रे कायम कोरडा ठेवणं शक्य नाही, फ्रीज त्यात पाणी सोडणारच. म्हणून तिथपर्यंत पोचायची वाट बंद करायची.

त्यासाठी जाळी. हार्डवेअरच्या दुकानात जस्ताचा मुलामा दिलेली वेल्डेड जाळी मागा, भोक पाव इंच म्हणजे साधारण ६ मिलिमीटर. कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी नको, तिच्या भोकातून छोटा उंदीर आरामात जातो. प्लॅस्टिकची, नायलॉनची मच्छरजाळी तर त्याला एका रात्रीचं काम. फ्रीजच्या मागच्या खालच्या कप्प्याच्या मापात जाळी कापून मूळ झाकणाच्याच स्क्रूंवर बसवायची. नवं भोक पाडू नका, पत्र्यामागून गॅसची नळी गेलेली असू शकते. कडा आत वळवा, नाहीतर पुढच्या मेकॅनिकचा हात कापेल. जाळी कुठल्याही टर्मिनलला टेकता कामा नये आणि ती फ्रीजच्या अर्थ केलेल्या पत्र्याला घट्ट लागलेली असावी. काही जण इथं पत्रा, पुठ्ठा किंवा प्लायवूडच ठोकतात. उंदीर येत नाही हे खरं, पण हवाही येत नाही, आणि उन्हाळ्यात कंप्रेसर तापून ट्रिप होतो, मग जळतो. स्टँड पोकळ असेल तर त्याच्याही तळाला जाळी, किंवा सरळ चार पायांचं लोखंडी स्टँड घ्या. त्याखालून झाडू फिरतो.

फ्रीज भिंतीपासून चार इंच पुढे ठेवा. मागे काहीही ठेवायचं नाही. पोळपाट, पेपरची रद्दी, कॅरीबॅगांची पिशवी, सगळं तिथंच कोंबलेलं असतं.

यानंतर वायर. मेन कॉर्ड कुरतडलेली असेल तर ती जोडू नका, अख्खी बदला, आयएसआय मार्कची तीन कोअरची, मूळ जाडीचीच. आतल्या वायरी जोडायच्या झाल्या तर जोड सोल्डर किंवा क्रिंप करून त्यावर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळून बसणारी नळी). नुसती पिळून टेप मारलेला जोड कंप्रेसरच्या उष्णतेनं काही महिन्यांत सैल होतो, टेपचा गोंद वितळतो, त्यावर धूळ आणि केस चिकटतात. दोन जोड शेजारी शेजारी येऊ देऊ नयेत. मग वायरींचा जुडगा धातूच्या लवचिक पाइपमधून किंवा निदान जाड फायबर स्लीव्हमधून घेऊन वरच्या बाजूला बांधायचा. मेन कॉर्ड जमिनीवर लोळवू नका. क्लिप मारून फ्रीजच्या पाठीवर वर घ्या. वायरीला मिरचीपूड, लसूण, व्हॅसलीन फासणारे आहेत. मिरची पहिल्या पोछ्याबरोबर जाते, व्हॅसलीन पीव्हीसीला बाधू शकतं.

बर्‍याच नव्या फ्रीजमध्ये आर६००ए हा गॅस असतो, कंप्रेसरवरच्या लेबलवर लिहिलेलं असतं. तो ज्वलनशील आहे. मात्रा घरगुती फ्रीजमध्ये फार थोडी असते, पण नळीवर दाताच्या खुणा दिसल्या, तेलकट डाग दिसला, फुसफुस आवाज आला, तर जवळ गॅस किंवा काडी पेटवू नका, खिडक्या उघडा, करंट मेन बोर्डावरून बंद करा आणि या गॅसचं काम येणाऱ्यालाच बोलवा.

वॉरंटीत फ्रीज असेल तर आधी कार्ड वाचा. उंदीर-घुशींनी केलेलं नुकसान बहुतेक कार्डांत वगळलेलं असतं. ते लपवून तक्रार नोंदवण्यात अर्थ नाही. माणूस येतो, मागचं झाकण काढतो आणि पहिल्या मिनिटात लेंड्या बघतो. त्यापेक्षा फोनवरच सांगा, म्हणजे तो वायरिंग घेऊन येईल.

फटी

पेन्सिल जाईल तिथून छोटा उंदीर जातो, अंगठा जाईल तिथून मोठा. पेन्सिल घेऊन स्वयंपाकघरभर फिरा. सिंकचा वेस्ट पाइप जिथं जमिनीत किंवा भिंतीत जातो तिथलं भोक जवळजवळ प्रत्येक घरात पाइपपेक्षा मोठं असतं. मॉड्युलर किचनच्या ट्रॉल्या बाहेर काढल्याशिवाय ते दिसत नाही, म्हणून ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. ट्रॉल्या करणारा सुतार पाइपसाठी हातभर चौकोन कापून मोकळा होतो. मग गॅसची नळी ओट्यातून जाते ते भोक, चिमणीचा पाइप बाहेर निघतो ती जागा, मोरीची जाळी, दाराखालची फट, एक्झॉस्ट फॅन.

बुजवायला तारेची घासणी घट्ट कोंबायची आणि वरून सिमेंट. जुने गवंडी सिमेंटमध्ये काचेचा चुरा घालतात, तेही चालतं. नुसता फोम, नुसतं एम-सील, कापड, थर्माकोल उंदीर पोखरून बाहेर येतो. दाराखाली रबरी पट्टीपेक्षा अ‍ॅल्युमिनियमची ब्रशवाली पट्टी बरी.

फटी बुजवण्याआधी दोन-चार रात्री पिंजरे लावा, नाहीतर जे आत आहेत ते आतच अडकतील आणि बाहेर पडायला नवी वायर शोधतील.

पिंजरा, विष आणि बाकीचे

पिंजरा किंवा चाप भिंतीला लागून ठेवायचा, उंदीर खोलीच्या मधून चालत नाही. मोठा उंदीर नव्या वस्तूला बुजतो. त्याच्यासाठी सुरुवातीला पिंजरा न लावता आत नुसतं खाणं ठेवायचं, तो निवांत खाऊन जाऊ लागला की मग लावायचा. भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा, सुकट, शेंगदाण्याचं कूट आणि गूळ, कालची भजी, यातलं काहीही चालतं. एकाऐवजी तीन-चार पिंजरे एकदम लावा. पकडलेला उंदीर शेजारच्या गल्लीत सोडलात तर तो त्यांचा झाला किंवा परत तुमचा. गणपतीत पिंजरा लावू नये असं घरातली वडीलधारी म्हणतात. त्यांचं मन राखा, पण त्याच दिवसांत घरात मोदक, खोबरं, पंचखाद्य असतं, तेव्हा फटी तरी त्याआधी बुजवून घ्या.

स्वयंपाकघरात विष ठेवण्याच्या मी विरुद्ध आहे. ब्रोमॅडिओलोनच्या निळ्या-हिरव्या वड्या खाऊन उंदीर काही दिवसांनी मरतो, आणि मरायला जातो तो नेमका फ्रीजच्या मागे, ट्रॉलीच्या खाली किंवा माळ्यावर. तो वास आठवडाभर जात नाही. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर घरात आणूच नका. तिच्यावर उतारा नाही आणि लहान मुलाच्या यकृताला ती थोड्या मात्रेतही निकामी करते. कुणाच्या पोटात कुठलंही उंदराचं औषध गेलं, अगदी ‘थोडंसंच चाटलं’ असलं आणि मूल खेळत असलं तरी, पाकीट बरोबर घेऊन त्याच क्षणी इस्पितळ गाठा. त्रास काही औषधांनी दोन-तीन दिवसांनी सुरू होतो.

गोंदाच्या पुठ्ठ्यावर उंदीर तडफडत राहतो, पाली आणि चिचुंद्र्या चिकटतात. मी सुचवत नाही. भिंतीत लावायची आवाजाची यंत्रं ऑनलाइन खूप विकली जातात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २००१ मध्ये अशा यंत्रांच्या साठाहून अधिक उत्पादक-विक्रेत्यांना, तुमच्या दाव्यांना शास्त्रीय पुरावा हवा, असं बजावलं होतं. डांबरगोळ्या अन्नाजवळ ठेवायची वस्तू नाही.

मांजर चालतं. पण फ्रीजखालच्या चार बोटांच्या जागेत तेही शिरत नाही.

मुंबईत पालिकेचे रात्री उंदीर मारणारे कर्मचारी आहेत. गल्लीत, मागच्या घरगल्लीत (दोन इमारतींमधल्या अरुंद बोळात) सुळसुळाट असेल तर वॉर्ड ऑफिसच्या कीटकनाशक विभागात सोसायटीच्या लेटरहेडवर तक्रार द्या. एका घरानं पिंजरा लावून घरगल्ली साफ होत नाही.

फ्रीजआधी हे बघा: गॅसची नळी

फ्रीज बंद पडला तर दूध जातं. गॅसची नळी कुरतडली तर घर जातं. फ्रीजखाली लेंड्या दिसल्या की त्याच दिवशी शेगडीखाली टॉर्च मारा. साधी हिरवी रबरी नळी अजून वापरत असाल तर आजच बदला. एजन्सीकडे तारेची गुंफण असलेली केशरी सुरक्षा होज मिळते, नळीवर आयएस ९५७३ आणि तारीख छापलेली असते. ती पाच वर्षांनी बदलायची. आतल्या तारेमुळे उंदराला आरपार जाणं जड जातं, पण वरचं रबर तो सोलतोच, म्हणून महिन्यातून एकदा पूर्ण लांबी हातानं चाचपा. शंका आली तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडा आला की गळती. काडी लावून बघणारे अजून आहेत, म्हणून लिहावं लागतं: काडी नाही. नळी ट्रॉलीच्या मागे दिसेनाशी घेऊ नका, आणि तिच्यावर कापड किंवा प्लॅस्टिकचं आवरण चढवू नका, आत काय झालंय ते कळत नाही.

रात्री रेग्युलेटर बंद करून झोपा. उंदीर रात्री काम करतो, आणि एवढ्या एका सवयीनं तुटलेली नळीही रात्रीपुरती निरुपद्रवी होते.

वास आला तर दिव्याचं बटण दाबू नका, चालूही नाही आणि बंदही नाही. एलपीजी हवेहून जड असतो, जमिनीलगत साचतो, म्हणून फ्रीजचा खालचा रिले टक्‌ झाला तरी ठिणगी मिळू शकते. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, सगळे बाहेर, आणि बाहेर गेल्यावर १९०६ वर फोन. हा क्रमांक चोवीस तास चालतो.

बाकीची यंत्रं थोडक्यात

आरओच्या पाव इंची नळ्या उंदीर पाण्यासाठी फोडतो, आणि रात्रभर स्वयंपाकघरात पाणी. झोपताना आरओच्या मागचा नळ बंद करा. मिक्सरची वायर गुंडाळून वर ठेवा. ती कुरतडलीच तर जोडत बसू नका, बदला. डिशवॉशर आणि वॉशिंग मशीनचा तळ बहुतेक उघडा असतो, त्याला वरचीच जाळी. चिमणीच्या बाहेरच्या तोंडाला पंख्यासारखी झडप किंवा जाळी लावा, आणि जाळी लावली तर ती तेलानं बुजते म्हणून काढून धुवा. मायक्रोवेव्हच्या मागून लेंड्या पडल्या, जळका वास आला, तर तो घरी उघडू नका. आतल्या कपॅसिटरवर दोन हजार व्होल्टच्या घरात दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो जीव घेऊ शकतो.

फ्रीज कधी सोडून द्यावा? वायरिंग, गॅस्केट, ट्रे, पाइप, रिले हे सगळं बदलून मिळतं. इन्व्हर्टरचा बोर्ड गेला तर खर्च विचारूनच होकार द्या. जुन्या फ्रीजला तो परवडत नाही. पण उंदरानं पाठीमागच्या पत्र्याच्या सांध्यातून आतल्या पिवळ्या फोममध्ये बोगदा केला असेल, तर तिथं पोचायला मार्ग नाही. त्या जागी बाहेरून दव धरतं, थंडावा जातो, आणि आत उंदीर मेला तर वास अन्नाला लागतो. असा फ्रीज भंगारात काढा. नवा आला की खोक्यातून बाहेर काढल्या दिवशीच, त्याच्या वॉरंटीला धक्का लागत नाही ना हे विचारून, मागे पाव इंची जाळी बसवा. आणि जुना फ्रीज उचलल्यावर त्या जागेमागची भिंत पहिल्यांदाच मोकळी दिसेल. तेव्हा पेन्सिल घेऊन खाली बसा आणि तिथलं भोक नवा फ्रीज आत सरकवायच्या आधी बुजवा.